गुणाकाराची फुली आणि यंत्राची चांदणी

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावी पाचवी-सहावीत शिकणाऱ्या मुलाने, चार-पाच वर्षे पाटीवर आणि वहीत गिरवून अंगवळणी पाडलेली अधिक, वजा, गुणिले आणि भागिले ही चार चिन्हे, शाळेच्या संगणककक्षात प्रथमच कळफलकासमोर बसल्यावर शोधू लागावे, त्यांपैकी दोन सापडावीत आणि उरलेली दोन कितीही शोधली तरी सापडू नयेत, हा प्रकार वरवर क्षुल्लक दिसतो. गुणाकाराच्या फुलीऐवजी चांदणी दाबायची आणि भागाकाराच्या दोन टिंबांमधल्या आडव्या रेघेऐवजी तिरकी रेघ काढायची, एवढे शिक्षक सांगतात आणि तास पुढे सरकतो. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या मध्यम स्तरावर संगणकाला आज्ञा लिहिण्याचे, म्हणजे कोडिंगचे, शिक्षण आणण्याचे ठरविले असल्यामुळे, मुलांसाठी आज्ञावलीची भाषा रचताना गणितक्रियांची चिन्हे कोणती निवडावीत, हा प्रश्न आता मूठभर तज्ज्ञांचा राहिलेला नसून शिक्षकांचा आणि पालकांचाही झाला आहे.

यंत्र आणि लिपी यांच्या तंट्याशी रत्नागिरीचा संबंध तसा जुनाच आहे. १८५६ साली याच नगरीत जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात गणित शिकविलेले लोकमान्य टिळक, छापखान्यातील शेकडो देवनागरी खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्याच्या खटाटोपात विसाव्या शतकाच्या आरंभी पडले होते. आणि १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीस स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालवून, अि, अी, अु, अू, अे अशी ‘अ’चीच बाराखडी करावी म्हणजे स्वरांचे वेगळे खिळे आणि टंकयंत्रावरील वेगळ्या कळा वाचतील, असा आग्रह धरला होता. काही नियतकालिकांनी ती पद्धत उचललीही. दोघांपुढचा पेच एकच होता : धातूचे खिळे आणि लोखंडी कळा मोजक्या, अक्षरे पुष्कळ; तेव्हा अक्षराने यंत्राला वाट द्यावी की यंत्राने अक्षराला? पुढे यंत्रेच बदलली, पडद्यावर हवे ते अक्षर उमटू लागले, आणि आजच्या मुलाच्या पुस्तकात ‘ए’ हा ‘ए’च राहिला. यंत्राच्या अडचणीपायी सुचविलेली सवलत, अडचण सरताच अनावश्यक ठरली. गणिताच्या चिन्हांबाबत मात्र तशीच एक सवलत, अडचण केव्हाच सरली असतानाही, अजून चालू आहे.

या चिन्हांना सनातन मानण्याचेही कारण नाही. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेल्या भूर्जपत्रावरील गणितग्रंथात, आपण ज्याला अधिक म्हणतो तेच चिन्ह अंकाच्या पुढे मांडून ती संख्या ऋण असल्याचे दाखविले आहे, आणि बेरजेस ‘युत’ शब्दातील ‘यु’, गुणाकारास ‘गु’, भागाकारास ‘भा’ अशी आद्याक्षरे योजिली आहेत. इ. स. ११५० मध्ये लीलावती रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या परंपरेत ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत, आणि अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक यांवरून या, का, नी अशी अक्षरे देत. त्या भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे ही मांडणी महाराष्ट्राच्या भूमीवर विद्यार्थ्यांना रीतसर शिकविली जात होती. पुढे पेशवाईच्या दप्तरांत जमा, वजा, बाकी, शिल्लक हे शब्दच चिन्हांचे काम करीत, आकडे उभ्या ओळीत मांडले जात, आणि पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांची घोकंपट्टी झाली की व्यवहारास लागणारे गणित पूर्ण होत असे. आजची चार चिन्हे आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी पद्धतीच्या शाळांबरोबर. ती आणणाऱ्या पिढीत त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत गणिताचे अध्यापन करीत आणि मराठीत गणितावर ग्रंथही लिहीत.

युरोपातही ही चिन्हे एकाच दिवशी, एकाच हाताने घडलेली नाहीत. अधिक आणि वजा ही १४८९ साली लाइप्झिग येथे छापलेल्या योहान विडमनच्या व्यापारी गणितात दिसतात. बरोबरचे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड याने, दोन समांतर समान रेघांहून अधिक समान असे काही असू शकत नाही या कारणासाठी, योजिले. गुणाकाराची फुली विल्यम ऑट्रेडच्या १६३१ मधील ग्रंथातून रूढ झाली, आणि भागिलेचे चिन्ह योहान रान याच्या १६५९ मधील जर्मन बीजगणितात प्रथम छापले गेले. मौज अशी की याच रानने त्याच पुस्तकात गुणाकारासाठी चांदणी वापरली होती. त्याचे भागाकाराचे चिन्ह इंग्लंडमार्गे आपल्या पाटीपर्यंत पोहोचले, त्याची चांदणी मात्र विस्मृतीत गेली. फुलीविषयी पहिली मोठी हरकत लायब्निट्सने घेतली : १६९८ मध्ये बर्नुली यास लिहिलेल्या पत्रात, ही फुली रोमन लिपीतील एक्स अक्षरासारखी दिसत असल्याने बीजगणितात घोटाळा होतो, म्हणून आपण गुणाकारासाठी टिंब वापरतो, असे त्याने कळविले. ही हरकत आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

चांदणीचे पुनरागमन झाले ते संगणकामुळे. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली, तेव्हा आज्ञा जाड कागदी पत्त्यांवर छिद्रे पाडून दिल्या जात, आणि छिद्रे पाडणाऱ्या यंत्रावर मोजकीच अक्षरचिन्हे होती. त्यांत फुली नव्हती, चांदणी होती. भागिलेचे चिन्ह नव्हते, तिरकी रेघ होती. म्हणून गुणाकारास चांदणी, घातास दोन चांदण्या आणि भागाकारास तिरकी रेघ अशी तजवीज झाली. १९६० च्या अल्गोल भाषेच्या कर्त्यांना ही तडजोड रुचली नसावी. त्यांनी ग्रंथातील आदर्श रूपात फुली, भागिलेचे चिन्ह आणि घातासाठी वर जाणारा बाण ठेवला, आणि प्रत्येक यंत्राने आपल्याजवळच्या चिन्हांत त्याचे रूपांतर करावे अशी मुभा दिली. परंतु १९६३ मध्ये प्रसिद्ध होऊन १९६७ मध्ये सुधारलेल्या आस्की या अमेरिकन संकेतात, रिकामी जागा धरून जी ९५ दृश्य चिन्हे मुक्रर झाली, त्यांत फुलीला आणि भागिलेला स्थान मिळाले नाही. पहिल्या आवृत्तीतील वर जाणारा बाणही दुसऱ्या आवृत्तीत गेला आणि त्याच्या जागी टोपीसारखे चिन्ह आले. पुढच्या बहुतेक सर्व भाषा त्या ९५ चिन्हांच्या कोठारावरच वाढल्या. म्हणजे आपल्या मुलापुढे येणारी चांदणी ही गणिताच्या विचारातून निघालेली नाही. पत्त्यांच्या आणि तारयंत्राच्या जमान्यातील टंचाईचा तो अवशेष आहे.

ही टंचाई मराठी मुलाला दुपटीने भोगावी लागते. भारतीय लिपींसाठी प्रमाण मानलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर, जेथे इंग्रजीत चांदणी आहे तेथे ‘श्र’ आहे. तिरक्या रेघेच्या कळीवर ‘य’ आहे. बरोबरच्या कळीवर ऋकाराची खूण आहे, आणि त्याच कळीवर अधिकच्या जागी ‘ऋ’. शेकड्याच्या जागी ‘ज्ञ’, आणि टोपीच्या जागी ‘त्र’. अक्षरे पुष्कळ असल्यामुळे ही वाटणी अपरिहार्यच होती. पण तिचा परिणाम असा की, पायथनसारख्या भाषेत आता ‘बेरीज’ किंवा ‘क्षेत्रफळ’ अशी देवनागरी नावे चालत असली, तरी ती नावे लिहिणाऱ्या मुलाला प्रत्येक चिन्हापाशी कळफलक इंग्रजीत पालटावा लागतो, नाहीतर बाजूच्या अंककळांचा आश्रय घ्यावा लागतो. अंकांचीही तीच गत. बाहेरून आलेला ‘१२’ हा मजकूर संख्येत रूपांतरित करण्यास पायथन तयार असते, पण आज्ञेच्या ओळीत १२ असे देवनागरीत लिहिले की चूक दाखविते. अक्षरे मराठी, अंक इंग्रजी आणि चिन्हे पत्त्यांच्या काळातली, असा हा तिहेरी संसार बारा वर्षांच्या मुलाला चालवावा लागतो.

आता निवडीकडे वळू. आणि चारही चिन्हांना एकाच मापाने न मोजता, प्रत्येकाची फिर्याद स्वतंत्रपणे ऐकू. गुणाकाराच्या फुलीविरुद्ध लायब्निट्सची जी हरकत होती ती रोमन लिपीपुरती खरी आहे. देवनागरीत फुलीसारखे दिसणारे एकही अक्षर नाही. ‘लांबी × रुंदी’ असे लिहिले असता कोणाचाही घोटाळा होण्याचा संभव नाही. उलट लायब्निट्सचे टिंब देवनागरीत धोक्याचे, कारण आपल्याकडे टिंबाला अनुस्वार, नुक्ता आणि दशांशचिन्ह अशी तीन कामे आधीच लागलेली आहेत. म्हणून मराठी मुलासाठी रचलेल्या भाषेत फुली ठेवण्यास लिपीची कोणतीच आडकाठी नाही, यंत्राची तर आता मुळीच नाही. फुली कळफलकावर नसली तरी पडद्यावर दाखविता येते. मुलाने चांदणी दाबली तरी आज्ञा लिहिण्याच्या चौकटीत फुली उमटावी, एवढीच व्यवस्था पुरेशी आहे.

भागाकाराचा निवाडा इतका सरळ नाही. दोन टिंबांमधली आडवी रेघ ही खालच्या इयत्तांपुरतीच राहणारी खूण आहे. डेन्मार्क-नॉर्वेकडे तीच खूण पिढ्यान्पिढ्या वजाबाकीसाठी वापरली गेली, आणि गणितचिन्हांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ती वापरू नये असाच सल्ला आहे. मूल अपूर्णांक शिकले की अंश वर आणि छेद खाली मांडते. त्या आडव्या रेघेला तिरपे केले की संगणकाची रेघ तयार होते. येथे परकेपणा वाटतो तितका नाही, आणि शिक्षकाने अपूर्णांकावरून ही रेघ समजावली तर मुलाला ती सहज पटते. खरा घोटाळा आहे तो उत्तरात. सातास दोनाने भागिले असता तिसरी-चौथीतले मूल ‘भागाकार तीन, बाकी एक’ म्हणते. पायथनच्या जुन्या आवृत्तीत हीच तिरकी रेघ नुसते ३ देत असे, आणि २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ३.५ देते. बाकी हवी असेल तर शेकड्याचे चिन्ह लिहावे लागते, जे चिन्ह त्याच मुलाने व्याजाच्या आणि सवलतीच्या उदाहरणांत अगदी निराळ्या अर्थाने शिकलेले असते. तेथे ‘बाकी’ हा दप्तरी शब्दच लिहू द्यावा. तो पाच-सात पिढ्यांच्या तोंडी आहे आणि भागाकाराच्या संदर्भात त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

येथून एक तत्त्व हाती लागते. चिन्हाचे केवळ रूप बदलले, जसे फुलीची चांदणी झाली, तर मुलाला नवी खूण लक्षात ठेवण्याचे कष्ट पडतात, पण त्याच्या समजुतीला धक्का लागत नाही. चिन्ह तेच राहून त्याचा अर्थ बदलला, तर वर्षानुवर्षे बसविलेली समजूतच डळमळते, आणि ती डळमळली आहे हे मुलालाही कळत नाही व शिक्षकालाही. असे सर्वांत अपराधी चिन्ह कोणते, तर बरोबरचे.

बरोबरच्या चिन्हाविषयी मुलांची समजूत मुळातच कच्ची असते, हे गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत वारंवार दाखविले आहे. ‘आठ अधिक चार बरोबर रिकामी चौकट अधिक पाच’ असे मांडून दिले, तर पुष्कळ मुले चौकटीत सात न लिहिता बारा लिहितात, कारण ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर मांडा’ असा हुकूम आहे असे त्यांना वाटत असते. दोन्ही बाजू सारख्या आहेत हा त्याचा खरा अर्थ रुजविण्यासाठी शिक्षक झटत असतानाच, संगणकाच्या तासाला ‘गुण = गुण + १’ असे लिहून दाखविले जाते. कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी असू शकत नाही. हे वाक्य गणितात असत्य आहे. पण फोर्ट्रानने १९५७ मध्ये हेच चिन्ह ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावाखाली ठेव’ या आज्ञेसाठी वापरले, बेसिक, सी आणि पायथन या भाषांनी तोच शिरस्ता चालविला, आणि समानता तपासण्यासाठी सी व पायथनमध्ये बरोबरची दोन चिन्हे जोडून लिहिण्याची पाळी आली.

मुलांसाठी म्हणून ज्यांनी मनापासून भाषा रचल्या, त्यांनी हा फरक ओळखला होता. १९६७ साली सीमोर पेपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये लोगो ही भाषा सिद्ध केली, तेव्हा नावाला किंमत देण्यासाठी तिच्यात चिन्ह न ठेवता क्रियापद ठेवले. बेरीज-गुणाकारासाठीही आरंभी शब्दच होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिचेल रेस्निक यांच्या मंडळीने २००७ मध्ये खुल्या केलेल्या स्क्रॅच या ठोकळे जुळवून आज्ञा देण्याच्या भाषेत, जिचा उपयोग मुंबईच्या आय. आय. टी.तील श्रीधर अय्यर यांच्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय पाठ्यक्रमातही केला गेला, गुणाकाराला चांदणी आणि भागाकाराला तिरकी रेघच आहे. परंतु किंमत ठेवण्याची आज्ञा शब्दांत आहे, आणि बरोबरचे चिन्ह केवळ दोन बाजू सारख्या आहेत काय हे विचारण्यासाठी राखलेले आहे. तिच्याच वळणावर वाढलेल्या स्नॅप या भाषेने फुली परत आणली, आणि गूगलच्या ब्लॉकलीच्या ठोकळ्यांत फुली व भागिले ही दोन्ही चिन्हे दिसतात. स्क्रॅचने क्षुल्लक बाबतीत सवलत घेतली आणि महत्त्वाच्या बाबतीत काटेकोरपणा पाळला, ही गोष्ट मराठीत असा उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी मनात ठेवण्यासारखी आहे.

बरोबरला पर्याय म्हणून अल्गोल आणि पास्कल या भाषांनी दोन टिंबे आणि बरोबर अशी जोडखूण योजिली होती. इंग्रजीत ती निर्दोष असेल. देवनागरीत मात्र दोन टिंबे म्हणजे विसर्गही असतो, तो डोळ्यांना अगदी तसाच दिसतो, आणि इन्स्क्रिप्टवर त्याची स्वतंत्र कळ आहे. मुलाने विसर्ग लिहिला, यंत्राने नाकारला, आणि पडद्यावर तर सर्व काही यथास्थित दिसते आहे, अशा वेळी अनुभवी शिक्षकही चूक शोधता शोधता हैराण होईल. त्यापेक्षा डावीकडे जाणारा बाण बरा, कारण किंमत कोणीकडून कोणीकडे जाते हे तो स्वतःच दाखवितो. आणि त्याहूनही बरा ‘गुण मध्ये गुण + १ ठेव’ असा साधा मराठी आदेश, कारण त्याचा अर्थ सांगायला कोणी लागत नाही.

चिन्हांच्या पाठोपाठ त्यांच्या क्रमाचाही विचार आला पाहिजे. मराठी शाळांत हा क्रम ‘कंचेभागुबेव’ या सूत्राने पाठ करून घेतात : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सूत्र शब्दशः घेणारे मूल १० − ३ + २ या उदाहरणात आधी बेरीज करून ५ असे उत्तर काढते. यंत्र डावीकडून चालत ९ सांगते, आणि येथे यंत्राचेच खरे आहे, कारण बेरीज आणि वजाबाकी यांचा दर्जा समान आहे, ही गोष्ट सूत्रात मावत नाही. ‘चे’ची अडचण आणखी नाजूक. ‘२४ ÷ ६ चे १/३’ यात सहाचे एक तृतीयांश आधी, म्हणजे २, आणि उत्तर १२. पण ‘चे’साठी कळफलकावर चिन्हच नसल्यामुळे मुलाने तेथे चांदणी लिहिली की उत्तर १ पूर्णांक १/३ येते. पालो आल्टो येथे ॲलन के यांच्या मंडळीने मुलांना डोळ्यांपुढे ठेवून वाढविलेल्या स्मॉलटॉक भाषेने तर सर्व क्रियांना एकच दर्जा दिला, तेथे ३ + ४ × २ याचे उत्तर १४ येते. असले सोपेपण गणिताच्या तासाशी उघड वैर करते. ठोकळ्यांच्या भाषेत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण एक ठोकळा दुसऱ्याच्या पोटात बसविला की तोच कंस झाला. अक्षरांत लिहायच्या भाषेत मात्र, पहिली एक-दोन वर्षे तरी, कंस सक्तीचे करण्यात शहाणपण आहे.

अशा खुणा ठरवायच्या कोणी, हाही प्रश्न आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचविले गेले, तेव्हा गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत उठलेल्या वादळाला तोंड द्यावे लागले. जोडाक्षरे चुकतात आणि अंकांची उलटापालट होते ही त्यांची बाजू होती, भाषेचे सौष्ठव बिघडते ही विरोधकांची. पक्ष कोणताही घेतला तरी एवढे मान्य करावे लागेल की, मुलाच्या गणितातील खुणा हा सार्वजनिक विषय आहे, असे महाराष्ट्राने त्या निमित्ताने ठरविले. असे असता, गुणाकाराची फुली जाऊन चांदणी येते, शेकड्याचे चिन्ह बाकीचे काम करू लागते आणि बरोबरचा अर्थच उलटतो, या बदलांना कोणत्याही समितीची मंजुरी लागली नाही; ते तयार यंत्राबरोबर आले आणि वहिवाटीने कायम झाले.

तेव्हा मराठी मुलांसाठी आज्ञावलीची भाषा कोणी रचणार असेल, किंवा बाहेरची भाषा मराठी शाळेत आणणार असेल, तर त्याने मागणी कशाची करावी, हे आता सांगता येते. अधिक आणि वजा आहेत तशी राहावीत. फुली दिसावी; भागाकारास दोहोंपैकी कोणतीही खूण चालेल, मात्र भागाकार व बाकी वेगळी मागता यावी. अंक देवनागरीत लिहिले तरी यंत्राने ते स्वीकारावेत. आणि बरोबरचे चिन्ह समानतेखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामास लावू नये. या एका बाबतीत तडजोड नको. आठवी-नववीत मूल पायथनसारख्या भाषेकडे वळेल तेव्हा त्याला चांदणी, दुहेरी चांदणी आणि दुहेरी बरोबर ही सर्व शिकावीच लागतील, आणि तोवर गणिताचा पाया पक्का झाला असल्यास ती त्याला जड जाणार नाहीत. फक्त चांदणी शिकविताना, गणिताचा हा नवा नियम आहे असे न भासविता, १९५७ च्या यंत्रावर फुलीची कळ नव्हती म्हणून ही सोय झाली, असे शिक्षकाने एका वाक्यात सांगून टाकावे.